वीस वर्षे चालणारे यंत्र

या पानावर खिशातल्या जुन्या यंत्रांविषयी काही लिहावे, हे पुष्कळ वाचकांना विसंगत वाटेल. कांद्याचा भाव, कंत्राटी कामगार, जिल्हा परिषदेच्या शाळा असे विषय समोर असता निवृत्त प्राध्यापकाने आपल्या हौशीचे कौतुक मांडावे काय, असा प्रश्न ते करतील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे अशी अपेक्षा आहे. परंतु प्रथम ही यंत्रे कोणती आणि आजही ती वापरणारी माणसे त्यांत काय पाहतात, हे सांगितले पाहिजे.

१९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांनी ‘डिजिटल डायरी’ बाजारात आणली. आपल्याकडे ती १९९० नंतर व्यापाऱ्यांच्या, विमा एजंटांच्या आणि डॉक्टरांच्या खिशात दिसू लागली. आखातातून परतणाऱ्या नातेवाइकाने आणावयाच्या वस्तूंत तिचे नाव असे. नावे, दूरध्वनी क्रमांक, भेटींच्या वेळा आणि थोडी टिपणे, एवढे तिचे काम. ब्रिटनमधील सायॉन कंपनीने १९८४ मध्ये आपला ‘ऑर्गनायझर’ काढला आणि १९९१ पासून छोट्या कळफलकाची, दोन पेन्सिल सेलवर चालणारी फार सुबक यंत्रे केली. अमेरिकेत मार्च १९९६ मध्ये ‘पायलट’ आले; पुढे ते ‘पाम’ या नावाने ओळखले गेले. त्याचा जनक जेफ हॉकिन्स याने यंत्र तयार होण्यापूर्वी त्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा कित्येक दिवस खिशात बाळगला होता. कोणी भेटीची वेळ मागितली की तो ठोकळा बाहेर काढी आणि त्यावर काडीने लिहिल्याचा अभिनय करी. माणसाला ही वस्तू दिवसातून कितीदा आणि कशासाठी लागते, हे त्याला पाहावयाचे होते. पहिल्या पायलटची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलवरील एकाच छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते.

माझ्यापाशी आहे ते पामचेच एक यंत्र, २००० साली परदेशस्थ विद्यार्थ्याने भेट दिलेले. सदऱ्याच्या खिशात मावते. छोटे दोन पेन्सिल सेल घातले की महिनाभर पाहावे लागत नाही, आणि ते सेल महात्मा गांधी रस्त्यापासून घोटीच्या किराणा दुकानापर्यंत कोठेही मिळतात. कळ दाबताच, म्हणजे बोट उचलण्यापूर्वीच, आजची तारीख व आजची कामे समोर येतात. सार्वजनिक वाचनालयात संदर्भ पाहताना मी त्यावर ग्रंथाचे नाव व पानाचा क्रमांक टिपतो. बैठकांच्या तारखा, व्याख्यानांचा प्रवासखर्च, कोणाला कोणते पुस्तक दिले आहे याची यादी, हे सर्व त्यात आहे. ते आपणहून कधी वाजत नाही. कोणाची जाहिरात दाखवीत नाही. मी काल काय वाचले यावरून आज काय वाचावे हे सुचवीत नाही. काम संपले की पडदा कोरा होतो आणि यंत्र खिशात जाते. हे सारे गुण अभावरूप वाटतील, पण दिवसभर मोबाइलने ओढाताण केलेल्या माणसाला त्यांतील सुख सांगावे लागत नाही.

त्यावर लिहिण्याची रीत निराळी. प्रत्येक रोमन अक्षर एका फटकाऱ्यात काढावयाचे. ‘ए’ला आडवी रेघ नाही, केवळ उलटे ‘व्ही’. दोन दिवसांत हात बसतो. यंत्राने माणसाचे हस्ताक्षर ओळखावे असा हट्ट न धरता माणसाने थोडे शिकावे आणि यंत्राने चुकू नये, असा हा करार होता. या करारातही मालकीने नाक खुपसलेच. एका फटकाऱ्यात अक्षर काढण्याच्या कल्पनेवर आपला एकस्वाधिकार आहे, असा दावा झेरॉक्स कंपनीने १९९७ मध्ये लावला आणि २००३ मध्ये पामने आपली लिपी बदलली. ज्यांचा हात जुन्या वळणावर बसला होता त्यांना नवे वळण गिरवावे लागले. अक्षराच्या वळणावरही खाजगी मालकी सांगता येते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे उदाहरण आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. सेल बदलताना मिनिटाहून अधिक वेळ लागला तर सारी स्मृती पुसली जाते. म्हणून नक्कल ठेवणे भागच असते. दुसऱ्याच्या हाती यंत्र पडले तर त्याचा परवलीचा शब्द ही कुलपापेक्षा कडीच अधिक. त्याची दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ ला संपते (माझ्या वयाच्या माणसाला ही मर्यादा फारशी जाचक नाही). परंतु सर्वांत मोठा दोष असा की, त्याला मराठी येत नाही. काळे आणि काले, बाण आणि बान त्याच्या लेखी एकच. दिंडोरीच्या कार्यकर्त्याचे नाव मला रोमनमध्ये लिहावे लागते आणि ‘ण’, ‘ळ’ मनातल्या मनात दुरुस्त करून वाचावे लागतात. संगणकावर देवनागरी उमटविण्याची ‘जिस्ट’ प्रणाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केली होती आणि भारतीय लिप्यांसाठीची सांकेतिक प्रमाणपद्धती १९९१ मध्येच निश्चित झाली होती. म्हणजे ज्ञान होते. खिशातल्या यंत्रात मात्र ते उतरले नाही, कारण ते यंत्र ज्याच्यासाठी बनले त्या ग्राहकाला इंग्रजी येत होते.

आता या यंत्राच्या मरणाची हकीकत. पाम कंपनी एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली. २०१० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने तिला १२० कोटी डॉलरना विकत घेतले आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या यंत्रांचे उत्पादन थांबविले. कंपनीच्या शेवटच्या काळातील मोबाइल संच फार प्रगत होते. त्यांची खाती, त्यांच्या नकला, त्यांचे नवे कार्यक्रम हे सर्व कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर अवलंबून होते. १५ जानेवारी २०१५ ला ते संगणक बंद करण्यात आले. संच धडधाकट असतानाही मालकाच्या दृष्टीने पांगळे झाले. याउलट १९९६ चे पायलट, ज्याला कोणाच्याही दूरस्थ संगणकाची गरज नव्हती, ते ज्याच्यापाशी शाबूत आहे त्याच्यापाशी आजही पूर्वीइतकेच काम देते. धाकटे आधी गेले आणि थोरले मागे राहिले. या विपरीत क्रमात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. पहिल्या यंत्राची विक्री झाली होती. दुसऱ्याचे विक्रीपत्र जरी झाले तरी खरे पाहता ते भाड्यानेच दिलेले होते, आणि भाडेकरूला काढावयास नोटीसही पुरेशी असते.

मागे राहिलेली यंत्रे कोणामुळे चालली, हेही पाहावे. कंपनीने दिलेला संगणकावरचा कार्यक्रम आजच्या संगणकावर सरळ चालत नाही. परंतु काही स्वयंसेवी प्रोग्रामरांनी ‘जे-पायलट’ नावाचा मुक्त कार्यक्रम लिहिला. त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे आणि कोणालाही सुधारता येतो. माझ्या यादीची नक्कल मी त्याच मार्गाने संगणकावर उतरवून ठेवतो. जुन्या जोडणीच्या तारेला आजच्या संगणकाचे छिद्र जुळावे म्हणून बाजारात मिळणारा एक साधा सांधा लावावा लागतो, इतकेच. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने २०२२ मध्ये पामवरील जुने कार्यक्रम जतन करून सर्वांना मोफत खुले केले. खाजगी भांडवलाने जे टाकून दिले ते सामाईक श्रमाने जगविले. या श्रमाची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून आमचे अर्थशास्त्र त्याला उत्पादनही म्हणत नाही.

येथे नवलाची गोष्ट काही नाही. विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनिव्हात संघ करून दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणावयाचे ठरविले आणि अधिक काळ जळणारा दिवा बनविणाऱ्या सभासदाला दंड लावला. मंदीच्या ऐन काळात, १९३२ मध्ये, बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थाने तर वस्तूंचे आयुष्य सरकारनेच ठरवून द्यावे आणि मुदतीनंतर त्या मोडीत काढाव्यात, म्हणजे कारखाने चालतील, अशी पुस्तिका काढली. त्या काळी कंपन्यांना संघ करून गुप्त ठराव करावे लागत. आज बॅटरी डिंकाने चिकटविली, सुटा भाग विकावयाचे नाकारले आणि दोन वर्षांनी नवा कार्यक्रम जुन्या संचावर चालेनासा केला की काम भागते. घसारा ही एके काळी वापरातून होणारी झीज होती; आता ती कारखान्यातच वस्तूत भरून पाठवितात. तिचे पुढे काय होते ते भंगारात पाहावे.

आता त्या टीकेचा विचार करू. जुनी यंत्रे वापरणे ही सुस्थितीतील मध्यमवर्गाची लहर आहे, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. परदेशात अशा यंत्रांचे संग्राहक निर्माण झाले आहेत. न उघडलेल्या खोक्यातील पायलटला ते मोठी किंमत देतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. मला या संग्राहकांविषयी आस्था नाही. ज्याचे उपयोगमूल्य शाबूत आहे त्या वस्तूला केवळ विनिमयमूल्य उरावे, ही तिची दुसरी मोडीत निघण्याची तऱ्हा होय. मोबाइलला सरसकट नावे ठेवण्याचाही माझा विचार नाही. लासलगावचा भाव घरबसल्या कळणे हे येवल्याच्या शेतकऱ्याला लहानसहान नव्हे, आणि द्राक्षाच्या हंगामात घरापासून दूर आलेल्या मजुराला आपल्या मुलाचा आवाज ऐकावयास मिळणे हे तर मुळीच नव्हे. हौस ही हौसच असते. पण हौशीने वापरलेली वस्तू एखादे परिमाण हातात देते. पंचवीस वर्षे चालणारे, दोन सेलवर राबणारे, धन्याचेच ऐकणारे यंत्र बनविता येते, याचा तो पुरावा आहे. यंत्र असे बनविता येत नाही, असे सांगणाऱ्याला उत्तर देण्यासाठी तो पुरावा खिशात असलेला बरा.

हे परिमाण आपल्याकडे फार पूर्वी कागदावर लिहिले गेले होते. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हिंदुस्थानात बनविता यावे आणि त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. खेड्यातील झोपडीत साध्या स्त्रीला ते हाताने वा पायाने आठ तास न थकता चालविता यावे. वेळच्या वेळी डागडुजी केल्यास ते किमान वीस वर्षे चालावे आणि डागडुजीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. संशोधकाला हवे तर एकस्व घेता येईल, परंतु बक्षीस स्वीकारताना ते हक्क संघाच्या स्वाधीन करावे लागतील. किर्लोस्करवाडीचे एक यंत्रही या स्पर्धेत होते. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. गांधीजींना यंत्रद्वेष्टे ठरविणाऱ्यांनी या अटी अवश्य वाचाव्यात. किंमत, वापरणारी व्यक्ती, आयुष्य, दुरुस्ती आणि ज्ञानाची मालकी या पाचही अंगांनी यंत्राचा विचार करणारे असे खरेदीपत्रक आपल्या सरकारने गेल्या पन्नास वर्षांत काढल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्याच्या जवळ जाणारा एक प्रयत्न मात्र झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर ही तेथील कंपनी यांनी मिळून न्यास स्थापन केला आणि एप्रिल २००१ मध्ये ‘सिम्प्युटर’ नावाचे हातात धरावयाचे यंत्र लोकांसमोर ठेवले. त्याची रचना खुली होती. कार्यप्रणाली लिनक्स होती. भारतीय भाषांत दाखविणे व बोलून ऐकविणे हा त्याचा हेतू होता. मला विशेष वाटते ते त्यातील कार्डाच्या योजनेचे. यंत्र गावाचे असावयाचे आणि प्रत्येकापाशी आपले लहानसे कार्ड. कार्ड घातले की आपली माहिती, काढले की दुसऱ्याची पाळी. सामाईक साधन आणि खाजगी नोंद यांचा इतका सरळ मेळ घातलेला मी अन्यत्र पाहिला नाही. सार्वजनिक क्षेत्रातील भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते तयार केले आणि मार्च २००४ मध्ये ते बाजारात आले, तेव्हा किंमत दहा हजार रुपयांच्या आसपास होती. संख्या वाढल्याशिवाय किंमत उतरत नाही आणि किंमत उतरल्याशिवाय संख्या वाढत नाही. हा पेच फक्त सरकारच मोठ्या खरेदीने सोडवू शकले असते. तेवढी खरेदी झाली नाही. विक्री काही हजारांवर थांबली, तोवर स्वस्त मोबाइल आला आणि सिम्प्युटर फसलेल्या प्रयोगांच्या यादीत जमा झाला. तो प्रयोग बाजारात फसला, हे खरे. त्याला बाजाराच्या हवाली कोणी केले, हा प्रश्न मात्र त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. आमच्या पक्षांनीही नाही.

याचा परिणाम कोणाला भोगावा लागला? येथे मी या लेखाच्या खऱ्या कारणाशी येतो. २०१९ च्या सुमारास राज्य सरकारने सुमारे एक लाख अंगणवाडी सेविकांना मोबाइल संच दिले. बालकांची वजने, उंची, पोषण आहार, गरोदर मातांच्या नोंदी, असे अकरा वह्यांतील काम त्यावर करावयाचे होते. नावे, तारखा आणि नोंदी ठेवणारे खिशातले यंत्र, म्हणजे आपण ज्या जातीविषयी बोलत आहोत त्याच जातीचे काम. पुढे केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ आले. संचांची स्मृती त्याला अपुरी पडू लागली, संच तापू लागले, बंद पडू लागले. दुरुस्तीचा काही हजारांचा भुर्दंड स्वतःला सोसावा लागतो, अशी सेविकांची तक्रार होती. आणि नोंदी इंग्रजीत करावयाच्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते संच सरकारला परत केले. वृत्तपत्रांनी त्याला ‘मोबाइल वापसी’ म्हटले आणि दोन दिवसांत विसरून गेली. आपल्यापैकी पुष्कळ कार्यकर्ते त्या मोर्चांत होते.

१९२९ च्या अटी या संचांना लावून पाहा. दहा हजारांच्या वस्तूवर दुरुस्तीची वार्षिक मर्यादा ५०० रुपये होते, आणि तीही खरेदी करणाऱ्याने सोसावयाची. सेविकेने मानधनातून काही हजार भरावेत हे त्या हिशेबात कोठेच बसत नाही. आयुष्य वीस वर्षे राहू द्या, पाच तरी भरले काय? पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांत नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. तेथे संपर्काविना नोंद घेणारे आणि संपर्क मिळताच ती पुढे धाडणारे यंत्र हवे. पाम हेच करी. दिवसभर एकटे काम करी आणि संध्याकाळी संगणकाला जोडले की दोन्हीकडच्या नोंदी जुळवून घेई. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात जे होते ते सुरगाण्याच्या सेविकेला नाकारून आपण तिला प्रगत साधन दिले, असे म्हणावयाचे! आणि ज्या बाळाचे वजन ती नोंदते त्याची नोंद तिच्या गावाला, ग्रामसभेला पुन्हा पाहता येते काय, हा मालकीचा प्रश्न तर पुढेच आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेरीस एक संकेतस्थळ उघडले. त्यावर कंपन्यांनी आपखुशीने माहिती द्यावयाची आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियमच केला आणि वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी बदलता यावी यासाठी फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली. आपल्या येथे कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. सरकार, जिल्हा परिषदा आणि महापालिका हे स्वतःच मोठे ग्राहक आहेत. निविदेच्या अटी लिहिणे त्यांच्या हाती आहे आणि त्या अटींसाठी भांडणे आपल्या. बॅटरी तालुक्याच्या गावी मिळावी व हाताने बदलता यावी. सुटे भाग व दुरुस्तीची पुस्तिका दहा वर्षे उपलब्ध असावी. दुरुस्तीचा खर्च खरेदीदार कार्यालयाने सोसावा. सर्व काम मराठीत, संपर्काविना चालावे. कार्यक्रमाचा मूळ मजकूर सरकारच्या ताब्यात असावा. आणि गावाच्या नोंदीची एक प्रत गावात राहावी. वीस वर्षांचा आग्रह मी धरीत नाही, दहावर तडजोड चालेल.

पुढील खरेदीची निविदा निघण्यापूर्वी सेविकांच्या संघटनेने हे निवेदन जिल्हा परिषदेला व महिला-बालविकास खात्याला लेखी द्यावे, असे मला वाटते. मसुदा मी करून देईन. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर येथील ज्या कार्यकर्त्यांनी २०२१ मध्ये संच परत करण्यात भाग घेतला होता त्यांनी बंद पडलेल्या संचांची, दुरुस्तीच्या पावत्यांची आणि तेव्हा भरलेल्या रकमांची यादी तेवढी जमवावी. ती यादी वहीत असली तरी चालेल.